मुखवटा उलटा करून बघताना

मुखवटा विकत घेताना आधी उलटा करून बघावा. पुढून सगळेच देखणे असतात, खरं काय ते मागची बाजू सांगते. नाचात घातलेल्या मुखवट्याचं आतलं लाकूड कपाळ, नाक, गाल टेकतात तिथे गुळगुळीत आणि काळपट झालेलं असतं. घामाचं नि तेलाचं किटण बसलेलं. कडेला ओळीनं बारीक भोकं असतात. त्यांतून दोरी ओवून राफिया नावाच्या ताडाच्या धाग्यांची झालर किंवा कापडाची टोपी बांधायची असते. कधी दातांत धरायला आतून दोरी असते, नाचताना मुखवटा हलू नये म्हणून. आणि डोळे आरपार कोरलेले असतात, कारण आतल्या माणसाला पुढचा दगड दिसावा लागतो.

माझ्याकडे दोन मुखवटे आहेत आणि दोन्हींच्या मागे यातलं काहीही नाही. एकाचे डोळे तर नुसत्याच खाचा. चेहऱ्याला लावला तर आंधळी कोशिंबीर. मागे तारेचा हुक आहे, म्हणजे स्वारी जन्मापासून भिंतीसाठीच. दोन्ही केनियातून आले. दीर-जाऊ नोकरीनिमित्त नैरोबीत असताना आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा एक नैरोबीच्या बाजारात घेतला आणि दुसरा मोंबासाला.

घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, "ओरिजिनल का?" विचारणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला कळतं. कुठल्याशा जंगलात, शेकोटीभोवती, कुणीतरी हा घालून नाचलेला असावा, आणि मग तो आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये यावा. माझं मत याच्या बरोबर उलट होत गेलंय. न नाचलेला, बाजारासाठीच केलेला मुखवटा हाच घरात टांगायला योग्य. ज्याला लोक 'ओरिजिनल' म्हणतात, त्याची मला आता जरा धास्तीच वाटते.

नैरोबीत मसाई मार्केट नावाचा फिरता बाजार आहे, आपल्या आठवडे बाजारासारखा. वार बदलला की जागा बदलते. शुक्रवारी तो व्हिलेज मार्केट नावाच्या मॉलपाशी भरतो. जमिनीवर चादरी अंथरून मण्यांचे दागिने, सोपस्टोनच्या वाट्या, लाकडी जिराफ आणि ओळीनं मुखवटे. "रफीकी, मसाई मास्क, व्हेरी ओल्ड!" असं प्रत्येक जण सांगतो. भाऊजी मागून हळूच म्हणाले, "वहिनी, मसाई मुखवटे करतच नाहीत हो." आणि ते खरंच आहे. मसाईंची कला मण्यांत, भाल्या-ढालींत, अंगावरच्या लाल वस्त्रात. लाकडी मुखवटा घालून नाचायची त्यांची रीतच नाही.

मग हे करतं कोण? बहुतांशी केनियातलेच कांबा लोक. त्यांच्यातही पूर्वी मुखवटे नव्हते; ते स्टुलं, चमचे, काठ्या कोरत. पहिल्या महायुद्धात मुतिस्या मुंगे नावाचा एक कांबा माणूस आजच्या टांझानियात होता. तिथल्या कारागिरांचं कोरीवकाम बघून तो शिकला आणि वामुन्यू या आपल्या गावी परतल्यावर त्यानं मूर्ती कोरून विकायला सुरुवात केली. त्याच्याकडून गाव शिकलं, गावाकडून आसपासचा मुलूख. आज मोंबासाच्या चांगाम्वे भागात कांबा कारागिरांची मोठी सहकारी संस्था आहे. ओळीनं शेड, प्रत्येकीत माणसं जमिनीवर पाय पसरून बसलेली, पायांच्या पंजांत ओंडका धरलेला. आपल्या सुताराच्या वाकसासारखं हत्यार, फक्त लहान. एका घावात कपाळ, दुसऱ्यात नाकाचा उतार. खडूची एक रेघ नाही की माप नाही. ढलप्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत. पलीकडे बायका पॉलिश पेपरनं घासत होत्या, आणि एका पोरासमोर काळ्या बूटपॉलिशची उघडी डबी होती. 'आबनूस' म्हणून विकलं जाणारं बरंचसं लाकूड या डबीतून येतं. तिथला आबनूस, म्हणजे म्पिंगो, आपल्या शिसवाचाच भाऊबंद. हातात घेतला की वजनानंच कळतो.

मी विचारलं, "हा कुठला मुखवटा?" कारागीर मोकळेपणानं म्हणाला, "पुस्तकातला." समोर खरंच एक फाटका कॅटलॉग पडलेला. त्यात गॅबॉनमधल्या पुनू लोकांचा पांढऱ्या चेहऱ्याचा मुखवटा, आयव्हरी कोस्टमधले डान आणि बाउले, काँगोतले कुबा, सगळे शेजारी शेजारी. मोंबासापासून गॅबॉन म्हणजे अख्खं आफ्रिका खंड ओलांडायचं. पण गिऱ्हाईक तेच मागतं. आपण 'आफ्रिकन मास्क' असं एकच काहीतरी मागतो, म्हणून कारागीरही आपल्याला खंडभराची खिचडी देतो. त्याला दोष द्यायचं काही कारण मला दिसत नाही.

घरी आल्यावर मी डान लोकांविषयी वाचत गेले, कारण माझ्या नैरोबीच्या मुखवट्याचा मूळ चेहरा त्यांचा निघाला: लंबगोल, टोकदार हनुवटी, अर्धवट मिटल्यासारखे, चीर पाडावी तसे अरुंद डोळे. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या सीमेवर हे लोक राहतात. त्यांच्या समजुतीत रानात राहणाऱ्या काही शक्तींना गावात यायचं असतं, पण त्यांना देह नसतो. अशी शक्ती एखाद्याच्या स्वप्नात येते आणि आपल्याला कुठलं रूप हवं, काय काम हवं ते सांगते. मग तिचा चेहरा कोरतात. पण चेहरा म्हणजे ती नव्हे. चेहरा, गवताचा घागरा, डोक्यावरचा साज, चाल, आवाज, सोबतचे वादक आणि तिचं नाव मिळून ती होते. आपण भिंतीवर लावतो तो त्यातला सगळ्यात सुटसुटीत भाग.

आणि 'काम' हा शब्द मी मुद्दाम वापरला. अरुंद डोळ्यांचा मुखवटा सौम्य, बाईच्या चेहऱ्याचा मानतात. मुलगे दीक्षेसाठी रानातल्या तळावर राहत, तेव्हा हा गावात येऊन बायकांकडून त्यांच्यासाठी जेवण मागून नेई. गोल भोकांच्या डोळ्यांचा दुसरा असतो, तो पळतो. कोरड्या ऋतूत शर्यत लागते. पुढे बिनमुखवट्याचा धावपटू, मागे मुखवट्यातला. धावायचं तर नीट दिसायला हवं, म्हणून डोळे मोठे. तिसरा मला फार आवडला. उत्तरेकडच्या गवताळ भागात उन्हाळ्यात दुपारी वारा सुटतो आणि एका ठिणगीनं गवती छपरांचं अख्खं गाव जाऊ शकतं. म्हणून वारा सुटायच्या आत चुली विझल्यात की नाही हे बघत एक मुखवटा घरोघर फिरे. चूल पेटती दिसली तर भांडं उलथून टाकी. अग्निशमन दलच म्हणायचं! कलादालनातल्या काचेमागे हा उभा असतो तेव्हा शेजारच्या पट्टीवर 'लाकूड, कापड, विसावं शतक' एवढंच लिहिलेलं असतं.

जिथेतिथे हा पुरुषांचा प्रांत. बाई मुखवट्याच्या आत नसते, आणि कित्येक ठिकाणी तिनं काही मुखवटे बघायचेही नसतात. अपवाद सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा. तिथल्या सांडे नावाच्या स्त्रियांच्या संस्थेत सोवेई मुखवटा बाईच घालते: काळाभोर, तेलानं चकाकणारा, गळ्याला वळ्यांवर वळ्या, नाजूक मिटलेलं तोंड. कोरतो पुरुष, पण मालकी आणि नाच बायकांचा. हा डोक्यावर टोपासारखा बसतो, चपटा नसतो, त्यामुळे खिळ्यावर टांगताच येत नाही. मला याचा थोडा आनंदच झाला.

मालीमधल्या बांदियागाराच्या कड्याकपारीत राहणाऱ्या डोगॉन लोकांची गोष्ट सजावटवाल्यांना जास्त ठाऊक असते, कारण त्यांचा कानागा मुखवटा कुठेही ओळखू येतो. डोक्यावर उभी काठी, तिला वरखाली दोन आडव्या पट्ट्या. मेलेल्यांचे आत्मे गावातून वाटेला लावायचा विधी असतो, दामा. त्यात नाचणारा कमरेतून असा झोकात वाकतो की ते लाकडी टोक जमिनीला घासतं आणि धूळ उडते. पुन्हा वर, पुन्हा खाली. सिरिगे नावाचा मुखवटा तर दोन मजली घराएवढा उंच. तो मानेवर तोलून नाचायचं म्हणजे काय याची कल्पना करावी. आणि साठ वर्षांनी एकदा येणारा विधी, सिगुई. मागचा १९६७ साली सुरू झाला आणि गावोगाव फिरत काही वर्षं चालला. त्या हिशेबानं पुढचा २०२७ मध्ये. सिगुईसाठी जो महामुखवटा कोरतात तो कुणी घालतच नाही. काम झालं की कपारीत ठेवून देतात.

कपारीत ठेवणं हीच तर गंमत. डोगॉन जुने मुखवटे जपत बसत नसत. विधी झाला, कपारीत टाकला. वाळवी खाईल, वारा खाईल, पुढच्या वेळी नवा कोरू. युरोपातल्या संग्रहालयांत पोचलेले कित्येक अशाच कपारींतून उचललेले. उचलणाऱ्याला वाटलं आपण वाचवतोय. प्रवासी येऊ लागल्यावर डोगॉनांनीही शहाणपणा केला: पाहुण्यांसाठी वेगळा नाच, विकायला वेगळे मुखवटे. पाहुणे खूश, पूर्वजही खूश.

पॅरिसची कथा सर्वांना माहीत आहे. १९०७ मध्ये पिकासो त्रोकादेरोच्या जुनाट संग्रहालयात गेला, तिथले मुखवटे बघून हादरला, आणि आधुनिक चित्रकलेचा चेहरा बदलला. ती कहाणी पुरेशी सांगून झाली आहे. मला जास्त बोचली ती अलीकडची, फ्रान्सच्याच दक्षिणेतली. एका वृद्ध दांपत्यानं माळा आवरताना एक लाकडी मुखवटा जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला १५० युरोंना देऊन टाकला. नवऱ्याचे आजोबा गॅबॉनमध्ये फ्रेंच अधिकारी होते, त्यांनी १९१७च्या सुमारास आणलेला. तो फांग लोकांचा न्गिल मुखवटा निघाला. पांढऱ्या मातीनं माखलेला, लांबुळका, भुवयांच्या कमानीखाली जेमतेम डोळे. न्गिल ही न्यायनिवाडा करणारी, चेटूक शोधून काढणारी गुप्त मंडळी. रात्री मशालींच्या उजेडात हा चेहरा दारात उभा राहिला की गुन्हेगाराच्या तोंडचं पाणी पळायचं. फ्रेंच राजवटीनं ही मंडळी मोडून काढली, त्यामुळे असे मुखवटे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. मार्च २०२२ मध्ये माँपेलिएच्या लिलावात त्याला ४२ लाख युरोंची बोली लागली. फ्रान्समधल्या काही गॅबॉनी लोकांनी लिलावाच्या सभागृहातच निषेध केला. दांपत्यानं वर्तमानपत्रात बातमी वाचली आणि व्यापाऱ्याला कोर्टात खेचलं; डिसेंबर २०२३ मध्ये आलेसच्या न्यायालयानं त्यांच्या विरोधात निकाल दिला. वस्तूची किंमत आपण होऊन बघायला हवी होती, असं म्हणत. गॅबॉन सरकारही या खटल्यात मधे पडू पाहत होतं, त्यांचंही ऐकलं गेलं नाही.

सगळा वाद १५० आणि ४२ लाख यांच्यातला. तो अधिकारी १९१७ साली काय देऊन तो घेऊन आला, कुणाच्या हातून, कुठल्या परिस्थितीत, हे विचारणारे सभागृहाच्या मागच्या रांगेत उभे राहिले. ओरिजिनल म्हणजे हे. उलटा करून बघितला की मागे कुणाचा तरी हिसकावणारा हात दिसण्याची शक्यता.

केनियातच याहून वाईट उदाहरण आहे. ते मुखवट्यांचं नाही, पण दिवाणखान्याचंच आहे. मोंबासाच्या आसपास किनाऱ्यावर राहणारे मिजिकेंडा लोक घराण्यातल्या मान्यवर पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या नावानं माणसाच्या उंचीचा कोरीव लाकडी खांब उभारतात. एक म्हणजे किगांगो, अनेक म्हणजे विगांगो. खांबात तो पूर्वज असतो. तो हलवायचा नाही, हलवला तर घराण्यावर आपत्ती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शौकिनांना हे खांब फार 'मॉडर्न' दिसू लागले. मग रात्रीत खांब नाहीसे व्हायला लागले. मोनिका उडवार्डी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञेनं १९८५ मध्ये एका शेतकऱ्याचा त्याच्या भावांच्या दोन खांबांसमोर फोटो काढला. थोड्याच काळात दोन्ही खांब चोरीला गेले. बऱ्याच वर्षांनी एका परिषदेत दुसऱ्या संशोधिकेच्या स्लाइड बघताना उडवार्डींना त्यातला एक खांब ओळखू आला: इलिनॉयमधल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात. दुसरा व्हर्जिनियात निघाला. २००६ आणि २००७ मध्ये दोन्ही परत मिळाले. सगळ्यांचे फोटो कुणी काढून ठेवलेले नव्हते.

विकणारे ही 'ओरिजिनल'ची ओढ जाणून असतात, म्हणून तर नव्याला जुनं करायची एक अख्खी विद्या आहे. चहाच्या पाण्यात बुडवायचं, चुलीवर धुरी द्यायची, चिखलात पुरायचं, कडा जाणूनबुजून ठोकायच्या. आणि वर 'माझ्या आजोबांनी नाचवलेला' ही गोष्ट. मला यात कारागिराची लबाडी कमी आणि आपली हौस जास्त दिसते. नवा, स्वच्छ, सुबक कोरलेला मुखवटा आपल्याला 'टुरिस्टी' वाटतो, म्हणून बिचारा त्याच्या गालावर ओरखडे काढतो.

आमच्या घरी या विषयाचा निकाल सासूबाईंनी वेगळ्याच वाटेनं लावला. नैरोबीचा मुखवटा दाराच्या समोरच्या भिंतीवर लावायला मी स्टूल घेतलं तर म्हणाल्या, "अगं, असले डोळे दारासमोर नकोत." मी म्हटलं, "अहो आई, शोभेची वस्तू आहे." त्यावर त्या जे म्हणाल्या त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मग आपल्या गौरींचे मुखवटे का नाही लावत वर्षभर? तेही दिसायला चांगलेच आहेत की." गौरींचे मुखवटे आमच्याकडे विसर्जनानंतर मऊ सुती कापडात गुंडाळून, पितळी डब्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातात, भाद्रपदापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. ते भिंतीवर लावावेत असं मला आजवर सुचलं नाही, कुणालाच सुचत नाही. डान लोकांकडेही तळहातावर मावतील असे छोटे मुखवटे असत, अंगाजवळ ठेवायचे. त्यांना तेल लावत, अन्न दाखवत, आणि कापडात गुंडाळूनच ठेवत. आज ते लिलावांच्या कॅटलॉगमध्ये काळ्या स्टँडवर उभे दिसतात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले लाकडाचे नि कागदाच्या लगद्याचे मुखवटेही आता मुंबईच्या प्रदर्शनांतून फ्लॅटमध्ये पोचू लागलेत. ते मुद्दाम विक्रीसाठी केलेले असतील तर उत्तमच, कारागिराला पैसे मिळतात. पण एखाद्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या नाचवलेलं सोंग कुणी हौसेनं मागून आणलं, तर रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात जे चालतं त्यातून एक सोंग कायमचं कमी होतं.

नैरोबीचा मुखवटा शेवटी पॅसेजमध्ये गेला. तिथेही टिकेना. पावसाळ्यात आधी पांढरी बुरशी, मग खाली फरशीवर चिमूटभर पिवळसर पीठ दिसू लागलं. उलटा केला तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं; आत किडा. लाकूड जॅकरांडाचं, म्हणजे नैरोबीच्या रस्त्यांवर ऑक्टोबरात जांभळी फुलं सांडणाऱ्या झाडाचं. हलकं, कोरायला सोपं, किड्यालाही सोपं. संग्रहालयांत अशा वस्तूंना कडक थंडी देतात, असं वाचलं होतं. म्हणून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, चिकटपट्टी लावून फ्रीजरमध्ये ठेवला, मटाराच्या पाकिटांच्या आणि खवलेल्या खोबऱ्याच्या डब्याच्या मधोमध. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर लाकडाला घाम फुटतो. हे जमलं. पण त्या पंधरवड्यात आइस्क्रीम काढायला गेलेल्या प्रत्येकानं एकदा तरी किंचाळी फोडली.

मोंबासाच्या मुखवट्याला मात्र कीड शिवलेली नाही. त्याचं कारण सासूबाईंना लागलं. एकदा धूळ पुसताना म्हणाल्या, "हा कडुनिंबाचा आहे." मी हसले, पण त्यांचं बरोबर निघालं. म्पिंगो आणि मुहुगू ही कोरीवकामाची झाडं तोडून तोडून दुर्मीळ झाली, तेव्हा १९९० च्या दशकापासून तिथल्या कारागिरांना पटापट वाढणारी झाडं वापरायला सांगितलं जाऊ लागलं: आंबा, ग्रेव्हिलिया आणि कडुनिंब. कडुनिंब पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्याकडूनच गेला. तिथे तो आता इतका माजलाय की त्याचं काय करायचं हा प्रश्न असतो. तिथे त्याला म्वारोबाइनी म्हणतात आणि पाल्याचा काढा तापावर घेतात. भारतातून गेलेलं झाड, कांबा कारागिरानं गॅबॉनचा चेहरा कोरला आणि ठाण्याला परत आला. मागे एक लहानसं लेबल आहे, त्यावर कारागिराचा संस्थेतला सभासद क्रमांक. विक्री झाली की त्यावरून पैसे त्याच्या खात्यात जातात. ४२ लाख युरोंचा मुखवटा कोणी कोरला हे कुणालाही सांगता येणार नाही. माझा कोणी कोरला ते मोंबासाला फोन करून विचारता येईल.

तेव्हापासून तो हॉलमध्ये आहे, सासूबाईंच्या संमतीनं, दारासमोर नव्हे तर बाजूच्या भिंतीवर. माझा नवरा पाहुण्यांना सांगतो की सिंहाच्या शिकारीच्या आदल्या रात्री हा घालून नाचतात. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन खोडून काढेपर्यंत पाहुण्यांनी फोटो काढलेला असतो. हल्ली ते काम सासूबाईच करतात. "काही शिकारबिकार नाही, कडुनिंबाचा आहे, मोंबासाच्या सोसायटीतून घेतलाय," असं ठणकावून सांगतात आणि लगेच किंमतही सांगतात. ती मी त्यांना सांगताना निम्मी करूनच सांगितली होती.